आर्यमदिरामंडळ आणि सहचरी : ‘एकच प्याला’तील सिंधूच्या एकटेपणाचा विचार

प्रस्तावना

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोदे येथे गंधर्व नाटक मंडळीने केला. त्यापूर्वी जेमतेम महिनाभर आधी, २३ जानेवारी १९१९ रोजी, नाटककाराचे निधन झालेले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जर यांनी रचली, सिंधूची भूमिका बालगंधर्वांनी आणि सुधाकराची गणपतराव बोडस यांनी केली. मराठी रंगभूमीच्या इतिहासात या नाटकाला जे स्थान लाभले ते सर्वश्रुत आहे. त्यावरील समीक्षाही विपुल आहे. हे नाटक शोकात्मिका आहे की करुण रसाने ओथंबलेले बोधनाट्य आहे, सुधाकराचा नाश मद्याने होतो की त्याच्या मानी स्वभावाने होतो, तळीरामाचा विनोद मूळ आशयाला पोषक आहे की मारक आहे, या प्रश्नांभोवती ही चर्चा प्रामुख्याने फिरत राहिली. सिंधूविषयी मात्र बहुतेक वेळा दोनच गोष्टी बोलल्या गेल्या. परंपरेच्या अभिमान्यांनी तिला पातिव्रत्याचा परमोच्च आदर्श म्हटले, तर स्त्रीवादी दृष्टीने वाचणाऱ्यांनी तिला पुरुषी कल्पनेतून घडलेली निष्क्रिय, आत्मघातकी नायिका ठरवले.

या दोन्ही भूमिकांमध्ये एक गोष्ट समान आहे. दोन्हींत सिंधूच्या वर्तनाचे कारण सिंधूच्या स्वभावात शोधले जाते. ती अशी आहे म्हणून तिने असे केले, एवढेच दोन्हीकडून सांगितले जाते. एकीकडे त्याला गुण म्हणतात आणि दुसरीकडे दोष. व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे आधारगट उभे राहिले, त्यांचा अनुभव समोर ठेवून हे नाटक पुन्हा वाचले असता सिंधूच्या स्वभावापेक्षा तिच्या एकटेपणाकडे लक्ष जाते. नाटकाच्या संहितेत या एकटेपणाची मांडणी अत्यंत ठळक आहे. समीक्षेनेच तिच्याकडे पुरेसे पाहिलेले नाही.

पिणाऱ्यांचे मंडळ

‘एकच प्याला’मध्ये एक संस्था आहे. तिचे नाव आर्यमदिरामंडळ. तळीराम हा तिचा प्राण. तिला सभासद आहेत, बैठका आहेत, भाषणे आहेत, तत्त्वज्ञानसुद्धा आहे. तत्कालीन सभा, मंडळे आणि ठराव यांची टवाळी करण्याचा गडकऱ्यांचा हेतू उघड आहे आणि प्रेक्षकांनी शंभर वर्षे त्या प्रवेशांना हसून दाद दिलेली आहे. तथापि या विनोदाच्या पोटात एक नेमके सामाजिक निरीक्षण आहे. पिणारा माणूस एकटा पडत नाही. मुन्सफाशी झालेल्या खटक्यातून सनद स्थगित झालेला, अपमानाने जळणारा सुधाकर घरी बसतो तेव्हा त्याच्या दुःखाला ऐकणारा, समजून घेणारा आणि त्यावर उपाय सुचवणारा माणूस ताबडतोब उपलब्ध असतो. तो तळीराम असतो आणि त्याचा उपाय म्हणजे एकच प्याला, ही गोष्ट वेगळी. पण सुधाकराला मंडळ मिळते. मंडळात त्याचा अपमान होत नाही, त्याला कोणी उपदेश करत नाही, आणि तेथील प्रत्येकजण त्याच्यासारखाच असतो. आधारगटाची जी लक्षणे आज सांगितली जातात, ती जवळजवळ सर्वच आर्यमदिरामंडळात, विकृत रूपात का होईना, सापडतात.

याच्या समोर सिंधूला काय मिळते? भाऊ पद्माकर मिळतो. तो तिला माहेरी नेऊ इच्छितो. पतीचा मित्र रामलाल मिळतो; तो सुधाकराला समजावतो. नणंद शरद मिळते. ती बालविधवा असून स्वतःच आश्रित आहे. हे सर्वजण सिंधूवर प्रेम करतात आणि तिला काय करावे ते सांगतात. तिच्यासारखाच अनुभव असलेली, म्हणजे दारूड्याची बायको असलेली, नाटकात दुसरी एकच स्त्री आहे : तळीरामाची पत्नी गीता.

गीतेची व्यक्तिरेखा समीक्षेत उपेक्षित राहिली आहे. तिला विनोदी उपकथानकाचा भाग मानून सोडून देण्यात आले. पण नाटकाच्या रचनेकडे पाहता गडकऱ्यांनी मद्यपींची एक जोडी उभी केली तशीच त्यांच्या बायकांचीही जोडी उभी केलेली आहे. गीता बोलकी आहे, फटकळ आहे, नवऱ्याच्या व्यसनाला ती व्यसनच म्हणते. सिंधूला जे उच्चारता येत नाही ते गीता उच्चारते. या दोघींची खरी भेट झाली असती, म्हणजे एकीने दुसरीचे ऐकले असते, तर दोन जणींचा का होईना एक गट झाला असता. तसे होत नाही, कारण दोघींमध्ये वर्गाची भिंत आहे. सिंधू वकिलाची बायको, गीता त्याच वकिलाच्या कारकुनाची. शिवाय घरातली गोष्ट घराबाहेर जाऊ न देणे हा सिंधूच्या दृष्टीने कुलीनतेचा पहिला नियम आहे. गीतेचे बोलणे तिला मैत्रीचे वाटण्याऐवजी मर्यादाभंगाचे वाटते. नवऱ्याच्या नावाला बट्टा लागू नये म्हणून बायको तोंड मिटून घेते आणि त्या मिटलेल्या तोंडामुळेच ती एकटी पडते, हे दुष्टचक्र गडकऱ्यांना दिसलेले आहे. त्यातून बाहेर पडण्याची वाट त्यांना दिसली नाही, असे म्हणता येईल. परंतु १९१९ साली ती कोणालाच दिसलेली नव्हती.

पत्नींच्या वतीने कोणी लिहिले?

ही वाट अमेरिकेत कशी निघाली याचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी १९३५ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या संघटनेची सुरुवात केली. मद्यपींनी मद्यपींना आपले अनुभव सांगावेत, इतकी साधी ही कल्पना होती. १९३९ मध्ये या संघटनेचा मूलग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात पत्नींना उद्देशून एक प्रकरण आहे आणि ते ‘आम्ही बायका’ अशा भूमिकेतून लिहिलेले आहे. वस्तुतः ते लिहिले बिल विल्सन यांनी. ते आपण लिहावे अशी त्यांच्या पत्नी लोइस यांची इच्छा होती. पण ती पूर्ण झाली नाही आणि त्याचा सल त्यांच्या मनात दीर्घकाळ राहिला.

हा तपशील मराठी अभ्यासकाला ओळखीचा वाटावा असा आहे. सिंधूचे शब्दही पुरुषाने लिहिले, तिची पदे दुसऱ्या पुरुषाने रचली आणि तिसऱ्या पुरुषाने ती अजरामर केली. बालगंधर्वांच्या सिंधूने महाराष्ट्राला रडवले हे खरेच. त्या अभिनयाचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. मात्र व्यसनाच्या साहित्यात पत्नीच्या वतीने बोलण्याचा अधिकार दीर्घकाळ पुरुषाकडे होता, आणि त्या उसन्या आवाजात पत्नी नेहमी क्षमाशीलच असते, ही गोष्ट दोन्ही ठिकाणी समान आहे. तिचा राग उसन्या आवाजात उतरत नाही.

राग कोठे असतो ते लोइस विल्सन यांनी स्वतः सांगितलेल्या एका प्रसंगातून कळते. बिल यांची दारू सुटली होती. ते रोज बैठकांना जाऊ लागले होते. एकदा त्यांनी बैठकीला उशीर होईल म्हणून पत्नीला घाई केली आणि लोइस यांनी हातातील जोडा त्यांच्याकडे भिरकावला. नवरा पीत होता तेव्हा नव्हे, प्यायचे थांबल्यानंतर! वर्षानुवर्षे ज्याला सावरण्यात आपले आयुष्य गेले, त्याला अखेर आपण नव्हे, तर परक्या दारूड्यांनी सावरले, हे त्या संतापाचे मूळ होते. दारू सुटली म्हणजे बायकोचे दुःख संपले, ही समजूत किती अपुरी आहे ते या प्रसंगाने त्यांच्या लक्षात आले. नवरे आत बैठकीत बसलेले असताना बाहेर थांबणाऱ्या बायका एकमेकींशी बोलू लागल्या होत्या. त्या बोलण्यातून निघालेल्या कुटुंबगटांना लोइस आणि त्यांची एक सहकारी यांनी १९५१ मध्ये एकत्र आणले. अल-ॲनॉन हे त्याचे नाव. मद्यपींच्या किशोरवयीन मुलांसाठी १९५७ मध्ये अलाटीन हा गट सुरू झाला. मूळ संघटनेच्या बारा पायऱ्या अल-ॲनॉनने जवळजवळ जशाच्या तशा घेतल्या. बाराव्या पायरीतील ‘मद्यपी’ या शब्दाच्या जागी ‘इतर’ एवढाच फरक केला. कुटुंबीयांना तेथे सांगितले जाते ते थोडक्यात असे : त्याचे व्यसन तुमच्यामुळे लागलेले नाही, ते तुमच्या ताब्यात राहणार नाही, आणि ते बरे करणे तुमच्या हाती नाही.

ही तीन विधाने सिंधूला कोणीही सांगत नाही. उलट, पतिव्रतेच्या पुण्याईने पती मार्गावर येतो ही श्रद्धा तिच्या भोवतालच्या संपूर्ण संस्कृतीने तिला दिलेली आहे. या श्रद्धेची दुसरी बाजू क्रूर असते : पती मार्गावर आला नाही तर पुण्याई कमी पडली.

अवस्था कोणाच्या?

नाटकात व्यसनाच्या अवस्था उलगडून सांगणारे सुधाकराचे प्रदीर्घ भाषण आहे. पहिल्या प्याल्यापासून अखेरच्या अवस्थेपर्यंत मद्यपीचे मन कसे घसरत जाते याचे त्यातील विवेचन इतके सूक्ष्म आहे की व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनाही ते आपले वाटावे. मद्यपीच्या अवस्था गडकऱ्यांनी इतक्या बारकाईने टिपल्या. कुटुंबाच्या अवस्था सांगणारे भाषण मात्र नाटकात कोणाच्याही तोंडी नाही.

ते काम १९५४ मध्ये जोन जॅक्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्त्रीने केले. सिॲटल येथील मद्यपींच्या पत्नींच्या गटात बसून, त्यांचे बोलणे ऐकून, तिने कुटुंबाच्या सात अवस्था मांडल्या. प्रथम समस्या नाकारली जाते. मग ती लपवण्याचा आणि नियंत्रणात आणण्याचा प्रयत्न होतो आणि कुटुंब समाजापासून तुटते. त्यानंतर विस्कळीतपणा येतो. चौथ्या अवस्थेत पत्नी घराची सूत्रे हाती घेते. पाचवीत ती दूर होण्याचा प्रयत्न करते, सहावीत पतीविना घर सावरते, आणि पती सुधारल्यास सातवीत सर्व कुटुंबाची नव्याने घडी बसते. या मांडणीपूर्वी एकच वर्ष, १९५३ मध्ये, थेल्मा व्हेलन या समाजकार्यकर्तीने मद्यपींच्या पत्नींचे चार प्रकार सांगितले होते : सोसणारी सुझन, ताबा ठेवणारी कॅथरिन, दोलायमान विनिफ्रेड आणि शिक्षा करणारी पॉली. अशा स्त्रिया आपल्या मानसिक गरजेपोटीच असा नवरा निवडतात, असा त्या वर्गीकरणाचा रोख होता. जॅक्सनच्या अभ्यासाने हा रोख बदलला. पत्नीचे वर्तन हे तिच्या विकृत व्यक्तिमत्त्वाचे लक्षण नसून सतत चाललेल्या संकटाशी जुळवून घेण्याची धडपड आहे, असे तिने दाखवले. तिला हे दिसू शकले कारण तिने एकेक पत्नी दवाखान्यात तपासली नाही; तिने गट ऐकला.

मराठी समीक्षा सिंधूच्या बाबतीत अद्याप व्हेलनच्याच टप्प्यावर आहे, असे म्हणावे लागते. आदर्श पतिव्रता काय किंवा आत्मपीडक नायिका काय, दोन्ही शेवटी ‘सोसणारी सुझन’चेच अवतार होत. अवस्थांच्या अंगाने पाहिले असता निराळे चित्र दिसते. आरंभीची सिंधू पतीच्या व्यसनाची वार्ता मानत नाही. पुढे ती झाकपाक करते, माहेरचा हात नाकारते. घरातील मिळकत थांबते तेव्हा ती लोकांचे दळण दळून संसार चालवते. हा टप्पा निष्क्रियतेचा मुळीच नव्हे. जात्यावर बसलेली सिंधू ही घराची सूत्रे हाती घेतलेली, कमावती सिंधू आहे. बालगंधर्वांच्या ठिगळे लावलेल्या लुगड्याची इतकी चर्चा झाली की त्या लुगड्यातली बाई कष्ट करून घर चालवते आहे हे प्रेक्षकांच्या आणि समीक्षकांच्या नजरेतून निसटले. चौथ्या अवस्थेपर्यंत सिंधू जाते. पाचवीचे दार पद्माकर उघडून धरतो. पण ते भावाच्या घराचे दार आहे, आणि तेथे जाणे म्हणजे पतीचा पराभव मान्य करणे आहे. तिला तिसरी जागा हवी होती. पती आणि माहेर यांच्या पलीकडे तिसरी जागाच नसलेल्या समाजात पाचवी अवस्था संभवत नाही.

नाटकाचा शेवट या दृष्टीने फार अस्वस्थ करणारा आहे. मुलाचा जीव घेणाऱ्या आणि आपल्यालाही प्राणांतिक जखम करणाऱ्या पतीला वाचवण्यासाठी सिंधू पोलिसांपुढे खोटे सांगते. प्रेक्षागृहात हा क्षण पातिव्रत्याच्या परमोत्कर्षाचा मानला जातो. कुटुंबगटांच्या परिभाषेत पाहता ती झाकपाकीची अंतिम पायरी आहे. पहिल्यांदा शेजाऱ्यांपासून लपवलेली गोष्ट अखेर मृत्यूशय्येवरून फौजदारापासून लपवली जाते. मधली सरळ रेषा एकच आहे.

सहअवलंबित्वाची अडचण

येथे एका नव्या धोक्याची नोंद करणे आवश्यक आहे. १९८० नंतर सहअवलंबित्व ही संज्ञा लोकप्रिय झाली. व्यसनीच्या जवळच्या माणसालाही एक प्रकारचा आजार जडतो, आणि त्याच्या सांभाळण्यामुळे व्यसन टिकून राहते, अशी ही मांडणी आहे. सिंधूला ही संज्ञा लावणे अत्यंत सोपे आहे आणि म्हणूनच ती सावधपणे वापरावयास हवी. स्त्रीवादी अभ्यासकांनी तिच्यावर घेतलेला आक्षेप असा की, समाज स्त्रीकडून जी सेवा सक्तीने करवून घेतो तिलाच मग रोगाचे नाव देतो. हा आक्षेप ग्राह्य आहे. सुझनला दारातून घालवून खिडकीतून परत आणल्यासारखे ते होईल.

आधारगटांच्या तत्त्वज्ञानाचीही मर्यादा आहेच. आपण हतबल आहोत हे मान्य करा, असे पहिली पायरी सांगते. घराण्यात, मालमत्तेत आणि कायद्यात जिला कधी बळ नव्हते, तिने आणखी कोणती हतबलता मान्य करायची? अलिप्त राहा, असे सांगितले जाते. पण सुधाकर हातात काठी घेऊन उभा असताना अलिप्तता उपयोगी पडत नाही. अशा वेळी संरक्षण हवे असते. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला; त्याची माहिती न देणारा आधारगट अपुरा ठरेल. आणखी एक अडचण अनामिकतेची. महानगरात पहिले नाव सांगून बसता येते. तालुक्याच्या गावी बाई दारातून आत येताच ती कोणाची सून, कोणत्या आळीतली, हे सर्वांना ठाऊक असते.

‘सहचरी’

महाराष्ट्रात या कल्पनेला जे रूप आले ते म्हणूनच लक्षणीय आहे. पुण्यातील मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. अनिता (सुनंदा) अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर केलेले लेखन वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, आणि त्यातून हे केंद्र उभे राहिले. एका लेखकाच्या लेखनाने दुसऱ्या लेखकाला अस्वस्थ करावे आणि त्यातून संस्था निघावी, असे मराठीत क्वचित घडले आहे. साहित्याच्या परिणामाविषयी शंका घेणाऱ्यांनी हे उदाहरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या कुटुंबाचाही विचार या केंद्राने केला आणि पत्नींसाठी ‘सहचरी’ हा आधारगट चालवला.

या नावाची निवड विचार करण्यासारखी आहे. संस्कृत-मराठी परंपरेत सहचरी म्हणजे पतीच्या सोबत चालणारी. सहधर्मचारिणी या शब्दाची छाया तिच्यावर आहे. सिंधू या अर्थाने पूर्ण सहचरी आहे. पती जाईल तेथे, अगदी त्याच्या विनाशापर्यंत, ती सोबत जाते. गटाचे नाव झाल्यावर मात्र त्याच शब्दात अनेकवचन शिरते. येथे बायका एकमेकींच्या सहचरी होतात. जुन्या शब्दाशी भांडण न करता त्याचा अर्थ वळवून घेण्याची ही रीत अल-ॲनॉनच्या परक्या परिभाषेपेक्षा मराठी बाईला जवळची वाटली असल्यास नवल नाही.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी दारूविरुद्ध एकत्र येण्याचा दुसरा मार्ग अधिक गाजला. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली, चंद्रपूरला ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. मतदान करून गावातील दुकानाची ‘आडवी बाटली’ करणाऱ्या स्त्रियांची आंदोलने ठिकठिकाणी झाली. मोर्च्यात चालणारी बाई दुकानाविषयी मोठ्याने बोलू शकते. घराविषयी तिला तेथे बोलता येतेच असे नाही. दुकान बंद झाले तरी रात्री घरात काय होते, ते सांगण्यासाठी निराळी, लहान आणि बंद खोली लागते. या दोन गोष्टींना एकमेकींचा पर्याय मानण्याची चूक धोरणकर्त्यांकडून वारंवार होते. भारतात १० ते ७५ वयोगटातील १४.६ टक्के लोक मद्य घेतात आणि सुमारे ५.७ कोटी लोकांना मद्याच्या समस्येसाठी मदतीची गरज आहे, असे अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीच्या अहवालात नमूद आहे. या प्रत्येक आकड्यामागे एक घर आहे; त्या घरातील माणसांची गणना मात्र या संख्येत होत नाही.

पुन्हा संहितेकडे

सुधाकर मध्यंतरी दारू सोडतो. नोकरीसाठी दारोदार फिरतो, सर्वत्र नकार मिळतो आणि तो पुन्हा प्याल्याकडे वळतो. हा भाग रंगभूमीवर पुष्कळदा काटछाट करून घाईने उरकला जातो. तो तसा उरकू नये. कारण या काळात सिंधूच्या घरात आशा असते, आणि आशेचा हा काळ कुटुंबीयांना सर्वांत अवघड जातो, असे आधारगटांचा अनुभव सांगतो. लोइस विल्सन यांचा जोडा याच काळात भिरकावला गेला होता. सिंधूला या काळात काय वाटले, तिने पतीच्या कपड्यांचा वास घेतला का, त्याला यायला उशीर झाला तेव्हा ती दारात किती वेळा गेली, हे गडकऱ्यांनी लिहिलेले नाही. नाटककाराची नजर सुधाकरामागोमाग घराबाहेर पडते. भगीरथ दारूतून सुटतो, कारण त्याला रामलालसारखा माणूस आणि सेवेचे काम मिळते. सुधाकर बुडतो, कारण आर्यमदिरामंडळाखेरीज त्याला घेणारे दुसरे मंडळ गावात नसते. सिंधू आणि गीता यांच्यासाठी मंडळ काढण्याची कल्पना नाटकातील एकाही सुधारकाला सुचत नाही. शरदच्या पुनर्विवाहाची चर्चा करणाऱ्या रामलालालाही नाही.

पदवीच्या वर्गात हे नाटक शिकवताना सिंधूच्या त्यागावर टिपा लिहून घेतल्या जातात. त्या टिपा उतरवून घेणाऱ्या मुलींपैकी काहींच्या घरी रात्री दार कसे वाजते यावरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधला जात असतो. त्यांना सिंधू आदर्श म्हणून शिकवावी की इशारा म्हणून, हा वाद होत राहील. त्याआधी एक साधा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवता येण्यासारखा आहे : गीता सिंधूच्या दारात आली होती, तेव्हा सिंधूने तिला बसायला पाट दिला असता तर त्या दोघी काय बोलल्या असत्या?